परसातले बिऱ्हाडकरू : प्रस्तावना

पक्ष्यांकरिता माणसाने लाकडाची पेटी करून परसात टांगावी, ही गोष्ट तीन पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या वाडेकरी गृहस्थाच्या कानावर घातली असती, तर त्याने ती थट्टेवारीच नेली असती. कारण त्याच्या घरात पक्षी न विचारता नांदत होते, आणि त्यांना बाहेर कसे घालवावे एवढीच काय ती त्याची विवंचना होती. कौलांखालची वळचण, तुळई आणि कडीपाट यांच्या सांध्यातील फट, माजघरातील पूर्वजांच्या तसबिरीची भिंतीपासून सुटलेली पाठ, दिवा लावणे बंद झालेली एखादी दिवळी, अशा जागांवर चिमण्यांची वहिवाट इतकी जुनी आणि इतकी निर्वेध होती, की त्यांनी सांडलेल्या काड्या दररोज कुरकुरत लोटणारी घरधनीणसुद्धा पिल्ले उडून जाईपर्यंत त्या तसबिरीला कोणास हात लावू देत नसे. वाड्याच्या बाहेरच्या अंगालाही अशीच सोय असे. भिंत रचताना परांचीचे वासे खोवण्याकरिता गवंडी जी चौकोनी भोके ठेवीत आणि काम उरकल्यावर जी बुजवण्याचे कोणाच्या मनात येत नसे, त्यांत साळुंक्या, पोपट आणि पिंगळे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. जुन्या गढ्यांच्या आणि किल्ल्यांच्या तटांकडे विणीच्या दिवसांत थोडा वेळ पाहत उभे राहिले, तर आजही अशी भोके वस्तीने भरलेली दिसतात.

सिमेंटच्या घराने ही सर्व व्यवस्था फार थोड्या काळात मोडीत काढली. नव्या इमारतीला वळचण नाही, तुळई नाही, भिंतीला फट पडलीच तर ती दोष म्हणून तत्काळ लिंपली जाते, आणि तसबिरी आता भिंतीला अगदी चिकटून बसतात. चिमणी चिवट खरी, म्हणून ती विजेच्या मीटरच्या पेटीत, दुकानाच्या लोखंडी शटरच्या गुंडाळीशेजारी, नाहीतर रस्त्यावरील दिव्याच्या पोकळ नळीत कशीबशी शिरते. परंतु शटर दिवसातून दोनदा तरी वरखाली होते आणि मीटर वाचणारा माणूस आपल्या वेळेला येतोच. परसातील झाडांची कथा याहून फारशी निराळी नाही. राहण्याजोगी ढोली पडते ती म्हाताऱ्या, किडलेल्या, अर्धवट वठलेल्या झाडात, आणि नेमके तेच झाड मालकास धोक्याचे वाटते. शहरांतील झाडांच्या जतनासाठी आपल्या राज्यात 1975 पासून कायदा आहे, त्याच्या अंमलासाठी वृक्ष प्राधिकरणे आहेत. तथापि हिरव्या झाडासाठी जी चौकशी होते ती वठलेल्या झाडासाठी होईल असे कोणी मानीत नाही, आणि एका अर्थी ते वाजवीही आहे, कारण वाळकी फांदी वळवाच्या पहिल्या वावटळीत कोणाच्या डोक्यावर येईल ते सांगवत नाही. एवढेच की, ढोलीत राहणाऱ्याचे म्हणणे नोंदवून घेण्याचा शिरस्ता कोणत्याच दप्तरात नाही.

कृत्रिम घरट्यांच्या या उद्योगाकडे भूतदयेचे एक गोड कृत्य म्हणून पाहण्याची रीत रूढ आहे. मला ती फारशी मानवत नाही. ज्या पोकळ्या आपण बुजवल्या त्यांतल्या काहींची ही भरपाई आहे. आणि भरपाई म्हटली की ती मोजून द्यावी लागते. प्रस्तुत पुस्तिकेत आराखडे आहेत, मापे आहेत, छिद्रांचे व्यास आहेत, आणि कोरडेपणाचा दोष पत्करूनही ते तपशिलाने दिले आहेत, याचे कारण हेच. दयाळू अंतःकरणाने केलेली पण चुकीच्या मापाची पेटी भिंतीवर वर्षानुवर्षे रिकामी लोंबकळते, आणि तिच्याकडे बोट दाखवून पक्षीच आता उरले नाहीत असा निष्कर्ष काढला जातो.

पहिला विवेक करावयाचा तो पेटी कोणासाठी, याचा. परसात येणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुसंख्यांना आपल्या सुतारकामाची यत्किंचितही गरज नाही. शिंपी पाने शिवून घेतो, सुगरण पाण्यावर झुकलेल्या बाभळीला आपला झुला टांगतो, शिंजीर कोळ्याच्या जाळ्यात कचरा गुंफून लांबोडकी पिशवी करतो, बुलबुल जास्वंदीच्या बेचक्यात वाटी बसवतो. यांच्यासाठी दाट कुंपण आणि थोडीशी न छाटलेली झुडपे हेच पुरेसे दान आहे, आणि त्यांच्या नावाने रंगीत घरकुले विकणाऱ्याकडून ती घेऊ नयेत. पेटीचा प्रश्न उद्भवतो तो ढोलीत वीण करणाऱ्यांच्या बाबतीत, आणि त्यांतही दोन जाती आहेत. सुतार आणि तांबट हे स्वतःच्या चोचीने लाकूड कोरतात. तांबटाची टुक्‌टुक् उन्हाळाभर ऐकू येते, पण तो कोरतो ते मऊ पडलेले, आतून कुजू लागलेले लाकूड; शेवग्याची किंवा पांगाऱ्याची मेलेली फांदी त्याला विशेष मानवते आणि तिच्या खालच्या बाजूस तो रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, कंपासाने आखल्यासारखे वाटोळे दार पाडतो. तयार पेटी पुढे केली तर तो सहसा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. ज्याला तांबट परसात हवा असेल त्याने शेवग्याची ती फांदी, खाली कोणी बसत-उठत नसेल तर, तशीच राहू द्यावी. याहून स्वस्त घर कोणास बांधता येणार नाही. दुसरी जात चोचीने लाकूड न कोरता आल्याने आयत्या बिळावर नागोबा होऊन राहणाऱ्यांची: चिमणी, दयाळ, चीरक, राखी वल्गुली, साळुंकी, पोपट, पिंगळा, गव्हाणी घुबड. पेट्यांचे सारे शास्त्र या दुसऱ्या जातीभोवती फिरते.

हे शास्त्र आपल्याकडे रुजायच्या आधी युरोपात बरेच वाढलेले होते. इंग्लंडातील यॉर्कशायरमध्ये चार्ल्स वॉटरटन नावाच्या एका लहरी जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आपल्या मिळकतीत शिकारीला मज्जाव करून घुबडांसाठी दगडी कोनाडे आणि भिंगऱ्यांसाठी भोके पाडलेली भिंत उभारली होती. परंतु मापाचे महत्त्व ज्याने खऱ्या अर्थाने ओळखले तो जर्मनीतील थुरिंगियाचा बॅरन हान्स फॉन बेर्लेप्श. सुतार पक्ष्यांनी सोडलेल्या ढोल्या त्याने उभ्या चिरून पाहिल्या, त्यांचा तळ कसा निमुळता होत जातो, दार आत शिरताना किंचित वर कसे चढते, याची मोजदाद केली, आणि लाकडाचे ओंडके आतून तंतोतंत तसेच कोरून सेबाख येथील आपल्या रानात लावले. पूर्वीच्या चौकोनी खोक्यांना नाके मुरडणाऱ्या पक्ष्यांनी ती घरे लगोलग ताब्यात घेतली. 1905 साली शेजारच्या हाइनिख जंगलात ओकच्या झाडांवर पाने गुंडाळणाऱ्या अळीची धाड पडून मैलोगणती झाडे उघडीबोडकी झाली, तेव्हा बॅरनच्या रानाचा हिरवा तुकडा मध्ये तसाच उभा राहिला, आणि त्यानंतर जर्मन वनाधिकाऱ्यांना हा माणूस केवळ छांदिष्ट वाटेनासा झाला.

अमेरिकेतील इतिहास आपल्याला अधिक बोध करतो, कारण तेथे व्यासाचे पाव इंच हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. तेथील मूळ रहिवासी पोकळ भोपळे खांबांना टांगून जांभळ्या भिंगऱ्यांना वस्तीजवळ बोलावीत. मिरजेच्या तंतुवाद्यांसाठी पंढरपूरच्या आसपास जो कडू भोपळा पिकवतात त्याच कुळातले हे फळ, आणि वाळल्यावर हलके, टणक व आत थंड राहणारे असल्याने आपल्याकडेही त्याचा असा उपयोग करून पाहण्यासारखा आहे. पुढे 1850 च्या सुमारास युरोपातील चिमणी न्यूयॉर्कजवळ आणून सोडण्यात आली, 1890 मध्ये त्याच शहराच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपीय स्टार्लिंग सोडण्यात आले, आणि या दोन उपऱ्यांनी तेथल्या निळ्या पक्ष्याला, म्हणजे ब्लूबर्डला, ढोल्यांतून हुसकावून लावण्याचा सपाटा चालवला. स्टार्लिंगला रोखण्याचा जो उपाय अखेर सर्वमान्य झाला तो इतका साधा आहे, की तो ऐकून हसू यावे: पेटीचे दार दीड इंचाचे ठेवावे. दीड इंचातून ब्लूबर्ड जातो, स्टार्लिंगचे खांदे जात नाहीत. चिमणी मात्र जाते, आणि तिच्याशी तेथील पक्षिप्रेमी आजही झगडत आहेत. आपल्याकडे जिच्या नावाने आपण हळहळतो ती तिकडे घुसखोर ठरते, आणि आपल्या अंगणातली साळुंकी 1860 च्या दशकापासून ऑस्ट्रेलियात नेली गेल्यावर तेथील पोपटांच्या ढोल्यांवर अतिक्रमण करणारी म्हणून बदनाम झाली आहे. पक्ष्याची प्रतिष्ठा मुलखागणिक बदलते. छिद्राचा व्यास मात्र कोणत्याही मुलखात आपले काम चोख बजावतो. पेटी टांगणाऱ्याच्या हाती जी काही सत्ता आहे ती एवढीच.

ढोली ही किती दुर्मीळ दौलत आहे, याचा दाखला सलीम अलींच्या बालपणातच सापडतो. 1906-07 च्या सुमारास, वय दहा-अकरा वर्षांचे असताना, चेंबूरच्या घराच्या तबेल्यात त्यांनी चिमण्यांचे एक घरटे पाहिले. भिंतीतली लाकडी खुंटी निघून गेल्याने पडलेल्या भोकात ते होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. शिकारीच्या नादात असलेल्या त्या मुलाने आडोशाला दबा धरून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर पैदा केला, तोही बाहेर खिळ्यावर येऊन बसला. आणि असे करता करता सात दिवसांत आठ नर बळी पडले. उत्तरायुष्यात या नोंदीला त्यांनी आपल्या लेखनात आवर्जून स्थान दिले. वाचक बहुधा त्या मुलाच्या निष्ठुरपणापाशी किंवा त्या मादीच्या तत्परतेपाशी थांबतात. मला त्यातील भोक महत्त्वाचे वाटते. एका निखळलेल्या खुंटीच्या जागेसाठी आठ उमेदवार आसपास ताटकळत होते. आणि ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा मुंबईच्या परिसरात कौले, तबेले आणि झाडे यांचा सुकाळ होता.

चिमणीची पेटी म्हणूनच सर्वांत सोपी आणि सर्वांत फलदायी. तळ आतून पाच इंच चौरस, उंची नऊ इंच, दार सव्वा इंचाचे, फार तर दीड, आणि ते तळापासून सहा इंचांवर. एवढ्या खोलीवर पिल्ले बसली म्हणजे मांजराचा पंजा दारातून आत आला तरी सहसा पोचत नाही. पेटी आठ-दहा फुटांवर लावावी, आणि एकटी लावू नये. चिमणीला शेजार लागतो, दोन-तीन पेट्या हाताच्या अंतराने लावल्या तर तिचे मन रमते. पेटी पसंतीला कशी पडते हे पाहण्यासारखे असते. प्रथम नर येतो, छपरावर बसून गळ्याखालचा काळा पट्टा फुगवतो आणि एकाच स्वरात चिवचिवाट करीत राहतो. मग दारात डोके घालतो, काढतो, पुन्हा घालतो, अर्धा आत जाऊन शेपटी बाहेर ठेवतो आणि उलट पावली येतो. मादी आली की ती एवढा विधी करीत नाही. थेट आत शिरते, बराच वेळ दिसत नाही, आणि बाहेर आल्यावर चोच फळीवर दोनदा घासून उडून जाते. ती पुन्हा आली तर घर ठरले असे समजावे. त्यानंतर नर वीतभर लांबीची काडी मधोमध धरून आणतो, ती दाराला आडवी अडते, तो मागे सरतो, पुन्हा तशीच रेटतो, खाली टाकतो, आणि तीच काडी अखेर टोकाशी धरून आत ओढतो. या खटाटोपात सकाळ निघून जाते. अंडी तीन ते पाच, ती उबवण्यास बारा-तेरा दिवस, पिल्ले उडण्यास त्यानंतर आणखी पंधरवडा. नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा चिमणीचा दिवस पाळला जातो, आणि त्या निमित्ताने पुष्कळ घरांत पहिल्यांदा पेटी येते हे चांगलेच आहे. परंतु चिमणीची वीण तोवर सुरू झालेली असते. दिवाळीनंतर पेटी लावली तर तिचे लाकूड उन्हावाऱ्याने जुने होते, नवेपणाचा वास जातो, आणि माघ-फाल्गुनात ती बिऱ्हाडाला सिद्ध असते.

दयाळाची गोष्ट वेगळी. हा काळापांढरा, शेपटी उंचावून चालणारा गवई थंडीत जवळजवळ मुका असतो आणि फाल्गुन लागला की पहाटेच्या अंधारात परसातील सर्वांत उंच शेंड्यावरून गाऊ लागतो. ते गाणे ऐकण्यास जितके मधुर, तितकाच त्यातील मतलब रोखठोक आहे, की येथवर हद्द माझी. सबब एका परसात दयाळाची एकच पेटी लावावी. दुसरी लावली तर एक तर ती रिकामी राहील किंवा तिच्यावरून मारामारी होईल. तळ सहा इंच चौरस, उंची दहा, दार दोन इंचांचे, जमिनीपासून सात-आठ फूट, आणि समोर उडून बसण्यास एखादी मोकळी फांदी. घरटे बांधण्याचे आणि अंडी उबवण्याचे कष्ट मुख्यतः मादीच्या वाट्याला येतात. पिल्लांना भरवण्यास मात्र दोघेही राबतात. त्याचा धाकटा भाऊबंद चीरक, जो गावाबाहेरच्या पडक्या भिंतींवर आणि दगडांच्या गडग्यांवर शेपटी उडवीत हिंडतो, त्याला पेटीपेक्षा समोरून अर्धी उघडी असलेली देवळी बरी वाटते, आणि ती कमरेइतक्या उंचीवर असली तरी त्याला चालते. त्याच्या घरट्यात सापाच्या कातेचा तुकडा बरेचदा मिळतो. तो का आणला जातो यावर तर्क पुष्कळ आहेत. पण घरात कात दिसली म्हणून पेटी फेकून देण्याचे कारण नाही, एवढे सांगणे भाग आहे. सह्याद्रीच्या झाडीला लागून ज्यांचे आवार आहे त्यांनी सव्वा इंचाऐवजी अठ्ठावीस मिलिमीटरचे दार ठेवून राखी वल्गुलीसाठी एक पेटी अवश्य लावावी. चिमणीला त्यातून जाता येत नाही, हा त्यातला अधिक फायदा.

घुबडांविषयी लिहिताना हात जरा अडखळतो, कारण लक्ष्मीचे वाहन म्हणून चित्रात ज्याला आपण हात जोडतो त्याच पक्ष्याने छपरावर बसून आवाज केला की आपण त्याला दगड मारतो. पिंगळ्याच्या वाट्याला तेवढा दुस्वास आला नाही. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळ्याने त्याचे नाव घेतले आणि त्याच्या बोलीला शकुनशास्त्रात मान मिळवून दिला. आठ इंच चौरस तळ, पंधरा इंच उंची, तीन इंचांचे दार, आणि बारा फुटांहून अधिक उंचीवरचे आंब्याचे किंवा चिंचेचे जाड खोड, एवढे मिळाले तर पिंगळ्याचे जोडपे परसात राहू शकते. त्याची वीण साधारणतः कार्तिक-मार्गशीर्षापासून सुरू होते, म्हणून त्याची पेटी नवरात्राच्या आत चढली पाहिजे. गव्हाणी घुबडाला मात्र पेटी म्हणण्यापेक्षा खोलीच लागते: दीड फूट रुंद, दोन फूट लांब, दीड फूट उंच, आणि कोपऱ्याला सहा इंचांचे दार. तो काड्या आणीत नाही, उघड्या तळावरच अंडी घालतो, म्हणून तळावर भुशाचा थर पसरून ठेवावा. इस्राएलमधील सदे एलियाहू या किबुत्झने 1983 मध्ये शेतांत अशा पेट्या लावून उंदरांवर विष टाकण्याचे प्रमाण कमी करण्याचा प्रयोग आरंभला आणि तो पुढे देशभर, नंतर शेजारच्या देशांतही पसरला; मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांतही याच पक्ष्याला उंदरांच्या बंदोबस्तास नेमलेले आहे. ज्यांच्याकडे भातखाचर, उसाचा फड किंवा धान्याचे कोठार आहे त्यांनी या खर्चाचा विचार जरूर करावा. ज्यांच्याकडे केवळ निजण्याच्या खोलीची खिडकी आहे त्यांनी करू नये. पिल्ले रात्रभर फुत्कारतात, आणि पेटीखाली त्यांनी ओकलेल्या केसा-हाडांच्या गोळ्यांचा सडा पडतो.

साळुंकी आणि पोपट यांच्यासाठी आराखडे दिले आहेत, पण फारशा उत्साहाने नव्हे. साळुंकीला अडीच इंचांचे दार आणि सात इंच चौरस तळ पुरतो. परंतु तिला आपल्या मदतीवाचूनही जागा सापडते, आणि दयाळाच्या पेटीचे दार अर्ध्या इंचाने मोठे पाडणाऱ्या सुताराने ती पेटी वस्तुतः साळुंकीलाच खरेदीखत करून दिलेली असते. पोपटाच्या बाबतीत अडचण दुसरीच आहे. हाताच्या अंतरावर पिल्ले दिसू लागली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना पिंजऱ्याची आठवण होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील पोपट पकडण्यास व पाळण्यास मनाई आहे. ज्या गल्लीत हा कायदा कोणी मानीत नाही तेथे पोपटाची पेटी न लावणे हेच शहाणपणाचे.

आता सामानाविषयी. बाजारात भेटवस्तू म्हणून मिळणारी पक्षिगृहे बहुधा पातळ प्लायवूडची, लाल-पिवळ्या रंगाने लिंपलेली, दाराखाली गोंडस दांडी बसवलेली असतात, आणि या तिन्ही गोष्टी सदोष आहेत. प्लायवूड पहिल्या मृगात फुगते आणि दुसऱ्या आर्द्रेपर्यंत पापुद्रे सोडते. आतल्या रंगाचा वास कोंडतो. दांडीची गरज पक्ष्याला नसते, त्याची नखे लाकडाला धरतात. तिचा उपयोग होतो तो कावळ्याला, जो तिच्यावर आरामात बसून पिल्लू बाहेर डोकावण्याची वाट पाहतो. पाऊण इंच जाडीची जुनी फळी, मग ती मोडक्या खोक्याच्या देवदाराची असो वा पाडलेल्या घराच्या दरवाजाची, सर्वांत उत्तम. सागवान मिळाले तर पेटी आपल्याहून अधिक जगेल. दाराच्या आतल्या बाजूची फळी रंधा मारून गुळगुळीत करू नये, उलट तिच्यावर पटाशीने आडव्या खाचा पाडाव्या, कारण उडण्याच्या दिवशी पिल्लाला तळापासून दारापर्यंत चढून यावे लागते. तळाच्या चारही कोपऱ्यांना पाव इंचाची भोके पाणी निघून जाण्यासाठी, छपराखाली दोन-तीन भोके हवेसाठी, छप्पर पुढे तीन इंच उतरते, आणि एक बाजू बिजागरीवर उघडणारी, जेणेकरून वीण संपल्यावर जुने घरटे काढून उकळते पाणी ओतता यावे. बाहेरून अळशीच्या तेलाचा हात द्यावा. यापलीकडे शृंगार नको.

आपल्या प्रांताचे हवामान एकसारखे नसल्याने याच पेटीला ठिकठिकाणी मुरड घालावी लागते. कोकणात दार नैऋत्येकडे किंवा पश्चिमेकडे ठेवणे म्हणजे आषाढाला आत बोलावणे; तेथे पूर्व किंवा ईशान्य साधावी आणि छपराला वरून जुन्या पत्र्याचा तुकडा ठोकावा. नागपूर-चंद्रपूरकडे पावसापेक्षा वैशाखाचे ऊन भारी. पारा पंचेचाळीसावर गेला म्हणजे उघड्या भिंतीवरील पेटीत पिल्ले भाजून निघतात, सबब तेथे पत्रा वर्ज्य, दुपारची सावली अनिवार्य, आणि फळी इंचभर जाड. मातीचे मडके गार राहते म्हणून काही लोक तेच टांगतात. ते वाईट नाही, मात्र त्याला उघडून साफ करता येत नाही आणि दोर कुजला की सर्व संसार एकदम खाली येतो.

पेटी लावल्यावर तिच्यात पक्षीच येतील अशी हमी कोणी देऊ नये. खार येते, कापूस आणि काथ्या कोंबून आपले बाळंतपण करते आणि जाताना दार कुरतडून मोठे करून ठेवते. अशा दाराभोवती पत्र्याची चकती ठोकली की पुन्हा तिचे दात चालत नाहीत. गांधीलमाश्या छपराला पोळे धरतात. मोठ्या पेटीत कोकणात कधीकधी सातेरी मधमाश्यांची वसाहत येऊन बसते, आणि ती हुसकावण्याऐवजी घुबडासाठी दुसरी पेटी करणे मी अधिक पसंत करीन. मांजर आणि धामण यांच्याविरुद्ध खोडाला बांधलेला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. तथापि धामणीने एखादी वीण नेली म्हणून तिच्या मागे काठी घेऊन धावणे हे परसाचा हिशेब न समजल्याचे लक्षण आहे. याहून महत्त्वाची गोष्ट खाण्याची. दाणे टिपणाऱ्या चिमणीलाही पिल्लांना भरवण्यासाठी पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात, दयाळाला तर बारमाही लागतात. तेव्हा गुलाबावर दर आठवड्याला औषध मारणाऱ्या बागेत सर्वोत्कृष्ट पेटीदेखील उपाशी घर ठरते. पक्षी आत असताना पेटी उघडून पाहण्याचा मोह मुलांना आवरत नाही आणि मोठ्यांनाही आवरत नाही. पाहायचेच असेल तर दुरून पाहावे; अंडी उबवण्याच्या आरंभी व्यत्यय आला तर कित्येकदा मादी घर टाकून जाते.

एखादी पेटी पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर ती लगेच काढू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा, मग जागा बदलावी, दिशा बदलावी, आणि सर्वांत शेवटी व्यास तपासावा, कारण सुताराकडे गिरमिटाची जी पाती असतात त्यांत सव्वा इंचाचे पाते नसले तर तो न बोलता दीडचे वापरतो. पुढील पानांतील मापे इंचांत दिली आहेत, ती लाकडाच्या वखारीत आणि सुताराच्या ओट्यावर अजून इंचच चालतो म्हणून. जेथे एक-दोन मिलिमीटरने पक्षी बदलतो अशा दारांपुरते मिलिमीटर योजले आहेत. सर्व मापे पेटीच्या आतली आहेत, फळीची जाडी त्यांत धरलेली नाही. कापणी सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट सुताराला दोनदा सांगावी, आणि आराखड्यावर ती त्याच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावी.